सही माझी नाही, कर्ज मात्र माझ्या नावावर

पहिला फोन बहुतेक वेळा हप्ता थकल्याचाच येतो. कर्ज काढताना कुणी विचारलेलं नसतं, पैसे कधी आले तेही माहीत नसतं. वसुलीवाला आपलं नाव, पत्ता, पॅन क्रमांक घडाघडा म्हणून दाखवतो तेव्हा पायाखालची जमीन सरकते. मग घरात विचारपूस सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत उलगडतं की हे बाहेरच्या भामट्याचं काम नव्हे. भावानं केलंय. किंवा मुलानं, नवऱ्यानं, दिरानं, मेव्हण्यानं.

पुढे बहुतेक घरांत एकसारखंच घडतं. आई म्हणते, "घरातलं आहे, चार लोकांत जाऊ देऊ नकोस." भाऊ शपथ घेतो की पुढच्या महिन्यापासून तो भरेल. आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे तो माणूस अब्रूपायी थकलेला हप्ता स्वतःच्या खिशातून भरून मोकळा होतो.

हा लेख तो हप्ता भरण्याआधी वाचावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. तो भरला की "हे कर्ज माझं नाही" या तुमच्या म्हणण्याला पहिला तडा जातो. उद्या बँक विचारणारच: तुमचं नव्हतं, तर भरलंत कशाला? आधीच भरून बसला असाल तर सगळं संपलं असं नाही. पण आता जे पत्र लिहाल त्यात हप्ता का भरला हे स्पष्ट लिहा: वसुलीच्या दबावाखाली, कर्ज मान्य न करता.

आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर

सही कुणाची आहे? ओटीपी कुणी दिला? वकील, बँक, पोलीस सगळे शेवटी इथेच येतात. म्हणून घरी बसून आधी स्वतःशी खरं बोला, कारण पुढचा मार्ग यावरच ठरतो.

समजा तुमचं आधार, पॅन आणि फोटो वापरून, तुमची खोटी सही करून कुणी कर्ज काढलं. हा सरळ बनावट दस्तऐवजाचा मामला आहे. तुम्ही करार केलेलाच नाही, म्हणून तुम्ही देणं लागत नाही. तुम्ही सही नाकारलीत की करार झाला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे मागणाऱ्यावर येते.

समजा भावानं सांगितलं, "तुझं फक्त नाव लागतंय, हप्ते मी भरतो," आणि तुम्ही समजून-उमजून सही केली. मग तुमची त्याच्याकडून फसवणूक झाली असेल, पण बँकेची काही चूक नाही. बँकेसाठी तुम्ही कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार आहात. जामीनदाराबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या," असं म्हणता येतं असं लोकांना वाटतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. या परिस्थितीत "माझ्या नावावर फ्रॉड झाला" अशी तक्रार करू नका. ती टिकणार नाही, आणि बँकेशी मुदत वाढवून घेण्याची बोलणी करण्यात जो वेळ जायला हवा तो फुकट जाईल. तुम्ही भरलेले पैसे भावाकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो वेगळा दावा.

या दोहोंच्या मधला भाग सर्वात अवघड, आणि खऱ्या घटना बहुतेक तिथल्याच असतात. मुलगा आईला म्हणतो, "रेशनकार्डाची केवायसी आहे, अंगठा लाव." नवरा कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो. पुतण्या काकांच्या फोनवर आलेला आकडा विचारून घेतो आणि काका तो सांगतात, कारण घरच्या मुलाला नाही कशाला म्हणायचं? इथे सही खरी, अंगठा खरा, ओटीपी खरा. फक्त कशासाठी आहे हे खोटं सांगितलेलं.

याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ सालचा एक निकाल आजही आधार म्हणून घेतला जातो. पतीने पत्नीकडून बक्षीसपत्रावर सही घेतली होती. न्यायालयाने फरक असा केला: कागद कसला आहे याबद्दलच फसवलं असेल तर व्यवहार मुळातच शून्य ठरतो. कागद कसला हे माहीत होतं पण आत काय लिहिलंय याबद्दल फसवलं असेल, तर तो फसवलेल्या व्यक्तीला रद्द करून घेता येतो, आणि तसं तिने मुदतीत मागावं लागतं. ज्या जमिनी पतीच्या दबावाखाली आपण देतो आहोत हे त्या बाईंना सहीच्या वेळीच ठाऊक होतं, त्यांचा दावा मुदतबाह्य ठरला. ज्या जमिनी त्यांच्या नकळत कागदात घातल्या होत्या, त्यांच्याबाबत मात्र त्यांना दाद मिळाली. फसवणुकीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, आणि ती फसवणूक कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणून आज तुम्हाला कळलं असेल तर आजची तारीख वहीत लिहून ठेवा, कुणाकडून आणि कसं कळलं तेही.

आणखी एक गोष्ट. नवऱ्यानं स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज बायको केवळ बायको म्हणून देणं लागत नाही. वडिलांचं कर्ज मुलानं फेडलंच पाहिजे ही जुनी धार्मिक जबाबदारी हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं त्यापुढील कर्जांसाठी काढून टाकली. वारशात जे मिळालं असेल तेवढ्यापुरतंच वारसाला देणं येतं. वसुलीवाले नात्याचा धाक घालतात, पण सही नसेल तर नातं हा काही करार नाही.

नक्की किती कर्जं आहेत ते पाहा

ज्यानं एकदा तुमची कागदपत्रं वापरली त्यानं ती एकदाच वापरली असं समजू नका. घरात पकडला गेलेला माणूस सहसा एकाच कर्जाची कबुली देतो, जे उघड झालंय तेवढ्याचीच.

आपल्याकडे कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. लोक सगळ्यालाच "सिबिल" म्हणतात, त्यामुळे एकच अहवाल काढून थांबतात. बचत गट आणि मायक्रोफायनान्सची छोटी कर्जं एका अहवालात दिसतात आणि दुसऱ्यात नाही, असं होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चारही काढा, आणि त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. "मोफत स्कोअर" दाखवणाऱ्या भलत्या ॲपला पुन्हा पॅन आणि मोबाईल देऊ नका.

अहवालात स्कोअरपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी खाली असतात. खातं कधी उघडलं, रक्कम किती, तुमचं नाव एकट्याचं आहे की सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून. पत्ता आणि मोबाईल क्रमांक कुठला नोंदवलाय, हे सर्वात नीट पाहा. तिथे भावाचा नंबर, त्याच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता असेल तर तो तुमचा पहिला पुरावा. "चौकशी" या भागात कुठल्या कंपन्यांनी तुमची माहिती मागवली ते दिसतं. म्हणजे कर्ज मिळालं नसलं तरी कुठे कुठे प्रयत्न झाला ते कळतं.

मग तुमच्या प्रत्येक बँक खात्याचे उतारे काढा, वापरात नसलेल्या खात्यांचेही. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मोबाईलवरून मिळणाऱ्या कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जमा व्हावी लागते, काही ठरावीक अपवाद सोडता. म्हणजे पैसे तुमच्या नावाच्या कुठल्या तरी खात्यात आलेले असणार. ते तिथून कुठे गेले, कुणाच्या यूपीआयवर, कुठल्या एटीएममधून, हा माग तुमच्या बाजूनं बोलणारा सर्वात भक्कम साक्षीदार आहे. आणि पैसे ज्या खात्यात आले ते खातंच तुम्ही उघडलेलं नसेल, तर ती दुसरी फसवणूक आहे. तिची तक्रार वेगळी करा.

पत्र आधी, फोन नंतर

वसुलीवाल्याशी फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही. तो तुमचं म्हणणं कुठेही नोंदवत नाही. तक्रार लेखी हवी, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे हवी, ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं दोन्ही मार्गांनी हवी. शाखा जवळ असेल तर एक प्रत हाती देऊन दुसरीवर पोहोच घ्या. मजकूर साधा ठेवा. असा काहीसा:

"आपल्या संस्थेत माझ्या नावे कर्ज खाते क्रमांक (अमुक) असल्याचे मला दिनांक (अमुक) रोजी प्रथमच समजले. हे कर्ज मी मागितलेले नाही, करारावर सही केलेली नाही आणि रक्कम मला मिळालेली नाही. मी हे कर्ज मान्य करत नाही. कृपया पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: कर्ज अर्ज, करारनामा, केवायसीची कागदपत्रे व फोटो, व्हिडिओ केवायसी झाली असल्यास तिचे चित्रीकरण, ओटीपी किंवा ई-स्वाक्षरीची नोंद व ती कोणत्या मोबाईल क्रमांकावर झाली, रक्कम जमा झालेल्या खात्याचा तपशील आणि कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटचे नाव. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी व पतमाहिती कंपन्यांना हे खाते वादग्रस्त असल्याचे कळवावे."

खात्यात पैसे आले असतील तर "रक्कम मला मिळालेली नाही" असं लिहू नका. "रक्कम माझ्या खात्यात आली आणि त्याच दिवशी अमुक खात्यात वळवली गेली, ती मी वळवलेली नाही," असं जसं घडलं तसं लिहा. एक चुकीचं वाक्य सापडलं की बाकी सगळं खरं असूनही संशयाच्या छायेत जातं. ओटीपी तुम्ही सांगितला असेल तर तेही लिहा, काय म्हणून मागितला होता त्यासकट.

कागदपत्रं देताना संस्था टाळाटाळ करते. तेव्हा नम्रपणे एवढंच विचारा: तुमच्या म्हणण्यानुसार मी कर्जदार आहे, मग कर्जदाराला स्वतःच्या कराराची प्रत का मिळू नये? कराराची प्रत कर्जदाराला द्यावी असं रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेतच आहे. या प्रश्नाला सरळ उत्तर त्यांच्याकडे नसतं. कागद हातात आले की फोटोतला चेहरा, सहीचं वळण, मोबाईल क्रमांक आणि अर्जावर लिहिलेला पगार पाहा. नोकरी न करणाऱ्या आईच्या नावापुढे पगार लिहिलेला असेल तर पडताळणी कशी झाली ते तिथेच कळतं.

त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडेही ऑनलाइन हरकत नोंदवा. ती कंपनी स्वतःहून नोंद काढू शकत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. पण एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून एक चांगला नियम लागू आहे: तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. तिनं उशीर केला तर भरपाई तिनं द्यायची.

संस्थेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटण्यासारखं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. इथे एक खाचखळगा आहे. साक्षीपुराव्याची लांबलचक तपासणी लागणारं प्रकरण लोकपाल बंद करू शकतात. म्हणून "माझी सही खोटी आहे हे ठरवा," असं त्यांच्याकडे मागू नका. संस्थेनं नियमाप्रमाणे पडताळणी केली नाही, कागद दिले नाहीत, उत्तर दिलं नाही, यावर तक्रार बांधा. ते त्यांच्या अखत्यारीत येतं आणि बहुतेक वेळा कागदावरच दिसतं.

दरम्यान वसुलीचे फोन येतच राहतील. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे. धमकी देणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करणंही बंद आहे. फोन आला की तक्रारीचा क्रमांक सांगा, बोलणाऱ्याचं नाव आणि संस्था विचारा, लिहून ठेवा, आणि फोन ठेवा.

पोलिसांत जायचं का?

इथे मी कुणाला उपदेश करणार नाही. सख्ख्या भावाविरुद्ध, पोटच्या मुलाविरुद्ध तक्रार देणं म्हणजे काय, हे बाहेरच्यानं सांगण्यासारखं नाही. पण निर्णय घेताना समोर काय काय आहे ते माहीत असावं.

कर्ज देणारी संस्था जवळजवळ नक्कीच विचारणार, "एफआयआर केलीत का?" तिच्या बाजूनं ते स्वाभाविक आहे. दहा जण कर्ज काढून "मी नाही काढलं" म्हणाले तर ती खरं कुणाचं मानणार? तक्रार नसेल तर बनावट कर्जाची रक्कम सोडायला बहुतेक संस्था तयार होत नाहीत. म्हणजे "माझ्या नावावरचं कर्ज रद्द करा, पण माझ्या भावाला काही होऊ देऊ नका," या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणं फार अवघड आहे. हे कटू आहे, पण आधीच कळलेलं बरं. तक्रारीत "अनोळखी व्यक्तीनं" असं लिहून भावाला वाचवण्याचा मोह होतो. पैशाचा माग त्याच्याच खात्यात जाऊन थांबला की तुम्हीही त्यात सामील होता असा अर्थ निघतो.

कलमं माहीत असावीत म्हणून सांगते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणुकीसाठी कलम ३१८, दुसरी व्यक्ती असल्याचं भासवून फसवणुकीसाठी ३१९, बनावट कागदासाठी ३३६ आणि ३३८, तो खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४०. त्याआधी घडलेलं असेल तर जुन्या दंड विधानाचं ४२० आणि ४६७, ४६८, ४७१. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळख ऑनलाइन वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क, म्हणजे ज्याला पोलीस ठाण्यात "सिक्स्टी सिक्स सी" म्हणतात ते. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. वाटेत रोखता आले तर रोखतात.

ठाण्यात "घरगुती मामला आहे, आपसात मिटवा" असं सांगून परत पाठवलं तर अर्ज लेखी देऊन पोहोच घ्या. मग तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना टपालानं पाठवा. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

एफआयआर म्हणजे मनात आलं की मागे घेता येईल असा अर्ज नव्हे. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीनं आपसात मिटवता येतो. बनावट दस्तऐवजाचा तसा मिटत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. घरगुती आणि पैशांच्या स्वरूपाच्या वादात खरीखुरी तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालय तसं करू शकतं, पण ती हमी नाही.

दुसरा मार्ग बरीच घरं निवडतात: ज्यानं घेतलं त्यानं फेडायचं. यात काही गैर नाही, फक्त तो तोंडी आश्वासनावर सोडू नये. त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की कर्ज त्यानं काढलं, रक्कम त्यानं वापरली आणि अमुक तारखेपर्यंत तो फेडणार. हप्ते त्याच्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे कोण भरतंय याची नोंद राहील. लक्षात ठेवा, हा कागद तुमच्या आणि त्याच्यामधला आहे. बँक त्यानं बांधली जात नाही. तो थकला तर फोन तुम्हालाच येणार, आणि इतके महिने गप्प राहिलात याचा जाबही तुम्हालाच द्यावा लागणार. आणि फेड पूर्ण रकमेची करा. थोडे पैसे घेऊन "सेटल" केलेलं खातं अहवालात सेटल म्हणूनच राहतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं.

हे करणारा नवरा असेल आणि सोबत मारहाण, धमकी, दागिने परस्पर गहाण टाकणं असं काही चालू असेल, तर हा निव्वळ कर्जाचा प्रश्न राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मिळते. वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० वर फोन करता येतो.

पतसंस्था, सोसायटी आणि सात-बारा

महाराष्ट्रात अशी अर्धी भांडणं बँकेत नसतातच. गावच्या पतसंस्थेत संचालक ओळखीचे असतात, वडिलांचं नाव सांगितलं की काम होतं, आणि "भाऊच आहे ना, सही आणतो म्हणाला," इतक्यावर जामीनदार म्हणून नाव लागतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकांकडे करायची.

इथे एक नोटीस कधीही दुर्लक्षित करू नका: १०१ ची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकांकडे वसुली दाखला, म्हणजे तुमच्याकडून रक्कम वसूल करण्याचा आदेश, मागते. सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहून "सही माझी नाही" असं लेखी म्हणणं द्यायचं असतं. मामाच्या ओळखीनं मिटेल म्हणून लोक जात नाहीत आणि दाखला निघतो. त्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. जे कर्ज काढलंच नाही त्याचे निम्मे पैसे केवळ ऐकून घेतलं जावं म्हणून भरायचे! सुनावणीचा तो एक दिवस किती मोलाचा आहे ते यावरून समजावं.

जमीन असेल तर सात-बाराचा "इतर हक्क" रकाना पाहा. बोजा दिसला तर त्यासमोरचा फेरफार क्रमांक घ्या, त्या फेरफाराची आणि ज्या कराराआधारे नोंद झाली त्याची नक्कल काढा. सामाईक खात्यात एका भावानं स्वतःच्या नावे पीककर्ज घेतलं तरी बोजा त्याच उताऱ्यावर दिसतो. म्हणून बोजा कुणाच्या नावे आहे हे नीट वाचल्याशिवाय घाबरू नका आणि आरोपही करू नका. नोंद चुकीची असेल तर आदेशापासून ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

राहत्या घरावर कर्ज काढलं गेलं असेल तर मुदती आणखी कडक. सरफेसी कायद्यानं बँकेला न्यायालयात न जाता गहाण मिळकतीचा ताबा घेता येतो. त्याखालच्या पहिल्या नोटिशीनंतर ६० दिवस असतात. त्या काळात लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. हे काम वकिलाशिवाय करू नका.

कोऱ्या चेकवर सही करून घरात ठेवण्याची सवय असेल तर आजच ते चेक फाडा. सही तुमची असेल तर बाकीचा मजकूर दुसऱ्यानं भरला एवढं म्हणून सुटका होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. चेक परत गेल्याची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी गावी भावाला मुखत्यारपत्र करून दिलेलं असतं. त्यात कर्ज काढण्याचा, मिळकत गहाण ठेवण्याचा अधिकार लिहिला असेल तर त्यानं काढलेलं कर्ज बनावट म्हणता येत नाही. कागद काढून वाचा. नको असेल तर रीतसर रद्द करा आणि बँकेला, सोसायटीला लेखी कळवा.

दार पुन्हा उघडं राहू नये म्हणून

आपल्याकडे आई-वडिलांच्या आधारला बहुतेक मुलाचाच मोबाईल नंबर जोडलेला असतो. सोयीसाठीच केलेलं असतं ते. पण मग आईच्या नावानं आलेला प्रत्येक ओटीपी मुलाच्या हातात पडतो. आईचा स्वतःचा नंबर आधारला जोडा. आधारच्या ॲपवरून बोटांचे ठसे आणि बाकीचे बायोमेट्रिक लॉक करता येतात, लागतील तेव्हा तात्पुरते उघडता येतात. गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची यादीही तिथेच मिळते, आणि ती तक्रारीला जोडण्यासारखी असते. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. नको ते तिथूनच बंद करायला सांगता येतं. घरातल्या कपाटात पडलेल्या आधारच्या झेरॉक्स प्रती, विशेषतः सही केलेल्या, नष्ट करा. पुढे प्रत द्याल तेव्हा त्यावर कुणाला, कशासाठी आणि कधी दिली ते आडवं लिहून द्या.

संस्थेनं शेवटी मान्य केलं की कर्ज तुमचं नव्हतं, तर तेवढ्या फोनवर समाधान मानू नका. लेटरहेडवर पत्र घ्या: खाते क्रमांकासह, "सदर कर्जाशी या व्यक्तीचा संबंध नाही व कोणतीही रक्कम येणे नाही," असं स्पष्ट लिहिलेलं. एक-दोन महिन्यांनी चारही अहवाल पुन्हा काढून नोंद खरोखर गेली का ते पाहा. थकलेली कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे अशी कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपन्यांना, विकली जातात. यादीत तुमचं जुनं नाव तसंच राहिलं तर दोन वर्षांनी भलत्याच शहरातून, भलत्याच कंपनीचा वसुलीवाला फोन करतो. त्याला हे पत्र पाठवायचं, म्हणून त्याची एक प्रत फोनमध्ये आणि मूळ कागद पासबुकाबरोबर ठेवा.